ऊर्फ

भांडी बाजाराच्या वरच्या मजल्यावर
गायधनी गुरुजींनी वहीचं लाल कापड सोडलं
आणि जावयाला विचारलं, "मूळ गाव?"
तो माझ्याकडे बघत राहिला.
"कॅनडा," मी म्हटलं.
"कानडे? मग आमच्याकडे नाहीत.
त्यांच्या वह्या समोरच्या आळीत."
केतकीनं समजावल्यावर एतिएन
जरा उशिरा हसला.

मग आमचं पान निघालं.
हातभर लांब, मोडी, कडा कसरीनं चाखलेल्या.
बोराडे, मौजे वडनेर.
आणि तीन पिढ्या खाली, वेगळ्या शाईत,
बोराडे ऊर्फ तोफखाने.
सासऱ्यांचा आजा देवळालीच्या छावणीत
तोफेचे बैल हाकायचा.
साहेबाच्या कारकुनाला एका पगारपत्रकात
दोन भिवा बोराडे नको होते.
तोफ त्यानं कधी डागली नाही,
शेण तेवढं उचललं.
चार पिढ्या आम्ही
दारावर तोफ लावून बसलोय.

"ऊर्फ," एतिएननं शब्द जिभेवर घोळवला.
त्यांच्यात त्याला 'दि' म्हणतात. म्हणजे, म्हटलेला.
रिव्हे दि व्हादबोंकर.
फ्रान्सच्या राजाच्या पलटणीत
शिपायाला लढाईचं एक नाव मिळायचं:
कुणी फूल, कुणी बेफिकीर, कुणी डोंगरकाप्या.
याच्या मूळपुरुषाला म्हणाले, जा मोकळ्या मनानं.
तो गेला. समुद्रापार, बर्फात.
ये, असं नाव त्याला कुणी दिलं नाही.

गुरुजींचं बोट उतरत होतं:
सखाराम, त्याची भागीरथी. भिवा, त्याची यमुना.
देवराम, त्याची गोदा.
घरात नुसत्या नद्या.
एतिएननं केतकीच्या कानात काही विचारलं,
तिनं मला, मी गुरुजींना:
"या बायकांची आधीची नावं?"
"ती माहेरच्या उपाध्यायाकडे.
माहेर कुठलं?"
माहेर ठाऊक नाही.
नावाशिवाय वही सापडत नाही,
वहीशिवाय नाव.

"त्यांच्याकडे बाई मरेपर्यंत माहेरच्या नावानं,"
केतकी म्हणाली, किंचित तोऱ्यात.
"बापाच्या," एतिएननं दुरुस्त केलं.
मग मोबाइलवर एक पान मोठं केलं:
चर्चची नोंद, कलती अक्षरं.
शिपायाच्या नातवाची बायको. मारी.
पुढे फक्त, रानटी बाई.
बापाच्या जागी रिकामं.
घरातल्या साऱ्याच मुली तिकडे मारी,
सारे मुलगे जोझेफ, हाक मारायचं नाव वेगळं.
पण हिला रानात काय हाक मारत
ते पाद्र्यानं विचारलं नाही.

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोरे पासपोर्ट मोजले.
नावाची ओळ रिकामी. आडनावाची रिकामी.
शंभराचा गठ्ठा, सही, पुढचा गठ्ठा.
घरी येऊन भात टाकायचा.
ताटातल्या तांदळात अंगठीनं
माझं नाव खोडून वैजयंता लिहिलं
ते ताट अजून वापरात आहे.
त्याच तांदळाचा त्या रात्री भात झाला म्हणतात.
मी जेवले असणार.

"आलेल्या मंडळींनी सही करायची,"
गुरुजींनी वही माझ्याकडे फिरवली.
केतकीनं केली. एतिएननं केली,
ऊर्फसकट, गिचमिड.
मी लिहायला घेतलं: सिंधू
आणि बॉलपेन अडलं.
कडेला गोल गोल फिरवलं, जोर लावला,
कागद थोडा खरवडला, तेव्हा शाई आली.
पुढचं सगळं नीट लिहिलं.

"रेघोट्या खोडता येत नाहीत हं," गुरुजी म्हणाले.
"राहू द्या," म्हटलं.
दोनशे वर्षांनी कुणी पान उलटेल,
त्या गोल गोल शाईवर बोट ठेवेल
आणि विचारेल,
ही कोण?